झाकलेला हात

बाबा, मी काय काम करते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. रोह्याला, वरसे इथल्या घरात बसून मी एका सॉफ्टवेअरची डागडुजी करते. ते खऱ्या संगणकाच्या पोटात दुसरा, नसलेला संगणक उभा करतं. त्यात चालणारा प्रोग्राम आधी विचारतो, इथल्या प्रोसेसरला काय काय येतं? प्रत्येक कामाला एक फ्लॅग असतो, येतं किंवा येत नाही. उत्तर आमचं सॉफ्टवेअर देतं, आणि पुष्कळदा येत असूनही 'नाही' म्हणतं. उद्या सगळं बिऱ्हाड एखाद्या जुन्या मशीनवर हलवलं तर अडायला नको, म्हणून. एकदा 'नाही' ऐकलं की प्रोग्राम ते काम करूनच बघत नाही.

आज असाच एक फ्लॅग झाकताना, म्हणजे 'येतं'चं 'येत नाही' करताना, तुमचा आवाज आठवला आणि रागच आला. लग्नाआधीचा तो दिवस. पेणला, रामवाडीच्या आपल्या घरी रोह्याची मंडळी मला बघायला आलीयत. आपल्यासारखाच त्यांचाही गणपतीचा कारखाना. आपल्या मूर्तींचे डोळे मी शाळेत असल्यापासून आखतेय, तो ब्रश तुम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही. होणाऱ्या सासूबाई विचारतात, "रंगकाम येतं काय हिला?" तुम्ही चहा बशीत ओतत म्हणता, "नाय हो. रंगातलं तिला काय येत नाय. कम्प्युटर शिकलीय." मी दाराआड गार.

आई म्हणायची, पोरीला तिकडच्यांनी फुकटची कारागीर करू नये म्हणून ते तसं बोलले. असेलही. पण तुमच्या पोटात एक नि ओठांवर एक, हे मला ठाऊक होतं. घरचे डोळे रोह्याच्या मूर्तींना मिळू नयेत, हा विचार नव्हताच कशावरून? दर गणपतीला माहेरी आले की विचारायचात, "तिकडं ब्रशला हात नाय ना लावलास?" ती काळजी होती की पहारा, मला अजून कळत नाही.

काल सासूबाई कारखान्यातून दमून आल्या. आखणी करणाऱ्या काकांचा हात थरथरायला लागलाय, मूर्ती डोळ्यांवाचून खोळंबल्यात. "तुला जमंल काय गो? डोळेच तेवढे ऱ्हायलेत." मी म्हटलं, "नाय हो आई, मला येत नाय." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचंच वाक्य तोंडात आलं.

त्या आत गेल्यावर मी मुलीच्या रंगपेटीतला ब्रश घेतला आणि स्वयंपाकघरात एका ताटलीवर डोळा आखला. वाकडा आला. दुसरा आखून बघायची मला भीती वाटली, बाबा. ताटली धुऊन ठेवली.