पालकासाठी टब पाहताना

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात आडवा पडून लिहितो आहे, कारण पुढे येईलच.) तुझी बीपीची गोळी नियमित चालू आहे ना? भावजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे ठीक, आई विशेष ठीक, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँडमास्तर सोडले तर आमच्याविषयी कोणाची तक्रार नाही.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली, तेव्हापासून ती पाहुण्यासारखी राहते, हे मी तुला फोनवर कधी सांगितलं नाही. पंखा लावायचा तरी विचारते. चहा हवा असला की आधी आम्हाला हवा का म्हणून चौकशी करते. जन्मभर परसात भाजी लावलेली बाई ती. इथे तिच्या खोलीला खिडकी एक, आणि तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. कुंड्या आणाव्यात तर मातीच्या धुळीने तुझ्या भावजयीला दम लागतो. म्हणून मी घरातच, पाण्यावर भाजी पिकवायचं ठरवलं. माती नको, ऊन नको. पाणी, त्यात विरघळणारं खत आणि वर दिवा. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "कर बाबा. तुझं घर आहे." ताई, हे वाक्य मला फार लागलं. मी चपला घातल्या आणि भांडं शोधायला निघालो.

लग्नासाठी मुली पाहिल्या नसतील इतकी भांडी मी पाहिली. पहिली पसंती काचेच्या बरणीला, कारण तिच्यातून मुळं दिसतात. मुळं दिसलीही, पण काचेतून उजेड आत गेला की शेवाळ धरतं, आणि ते पालकापेक्षा जोमाने वाढलं. (आई म्हणाली, "हिरवं काहीतरी आलं ना." ती हे समजूत घालायला म्हणाली, हे जास्त वाईट.) मग थर्माकोलचा खोका आणला. तो दिसायला निर्दोष होता, फक्त पाझरत होता. शेवटी झाकणाचा काळा टब मिळाला: उजेड आत जाणार नाही, खोली पुरेशी, झाकण घट्ट. झाकणाला भोकं पाडायला मी तुझ्या भावजयीची उलथणी तापवली. त्या विषयावर आमच्यात अजून बोलणं झालेलं नाही. भोकांत जाळीचे पेले बसवले, पेल्यांत स्पंजचे तुकडे, स्पंजात रोपं. मुळांना हवा मिळावी म्हणून माशांच्या दुकानातून बुडबुडे सोडणारा पंप आणला. दुकानदाराने बजावलं होतं की पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. मी तो जमिनीवर ठेवला, कारण तिथे शोभून दिसत होता.

मंगळवारी दुपारी वीज गेली. पंप थांबला, आणि टबातलं पाणी नळीतून उलटं येऊन बिनबोभाट जमिनीवर उतरू लागलं. मला कळलं ते बँडमास्तर दार ठोकत आले तेव्हा. त्यांच्या छतातून ट्रम्पेटवर थेंब पडत होते. मी धावलो, घसरलो, आणि कंबर धरून तिथेच बसलो. रोपांची मुळं झाकणाखाली कोरडी लोंबत होती.

तेव्हा आई उठली. पदर खोचला आणि मला म्हणाली, "अरे, अक्कल कुठे ठेवलीस? पाणी खाली येणार नाही तर काय वर जाणार? सरक बाजूला!" ताई, वर्षभरात ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. मला उठता येत नव्हतं आणि इतकं बरं वाटत होतं की उठावंसं वाटतही नव्हतं. तिने भांडायला आलेल्या बँडमास्तरांच्या हातात फडकं दिलं आणि त्यांनी मुकाट्याने फरशी पुसली. पंप फळीवर गेला. माझी दोन रोपं गेली, बाकीची तिने वाचवली. आता टब तिचा आहे. मी झाकण उचललं तर हातावर चापट बसते. बँडमास्तर रोज पालक पाहायला येतात आणि चहा पिऊन जातात. तो चहा आई कोणाला न विचारता करते.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं सांगायचं ते असं. आई काल म्हणाली, ताईकडे जाऊन बरेच दिवस झाले. आता कुठे ती इथे रुळते आहे. तुझ्या मोठ्या अंगणात गेली की ती परत कशाला येईल? तिने विचारलं, तर तुझ्याकडे रंगकाम निघालं आहे असं सांग. एवढं कर माझ्यासाठी.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घालायला आईकडे दिलं आणि तिने ते वाचलं. म्हणाली, "रंगकाम असेल तर ताईला एकटीला आवरणार नाही, मी जातेच." मी घाबरत विचारलं, "आणि टबाचं काय?" तर म्हणाली, "पंधरा दिवस पाणी घालायला काय होतं तुला? घरी परत आले की बघेन मी."

ताई, 'घरी' म्हणाली. तू खुशाल रंगकाम काढ.