बुटाच्या जिभेविषयी आणि बाकी मालमत्तेविषयी

थोरल्याने मला न विचारता बूट कंपनीला कळवले की, "आईची हरकत नाही." हरकत आहे. आई अजून स्वतःची वेणी स्वतः घालते आणि हरकत कशाला म्हणतात ते तिला कळते. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचे वाचताना कोणाला डुलकी लागणार नाही.

आता रीतीप्रमाणे. मी, पेंटरची बायको, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा दुकानांसाठी छापाची चित्रे काढणे (पाटीवर, खोक्यावर, पिशवीवर जे येते ते), शिक्षण तिसरी, तीही अर्धी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांनी कागद दिला आहे. लगे हात थोरल्याचेही तपासा म्हटले, तर ते हसले. कोणाची जबरदस्ती नाही. वकिलांनी नमुना दिला होता, त्यात "प्रिय" फार होते, ते गाळले. याआधी लेखी काही केलेले नाही. तोंडी मात्र "सगळं तुझंच आहे" असे मी वेळोवेळी थोरल्याला, लेकीला आणि नातीला, तिघांनाही म्हटले आहे. ते तिन्ही रद्द समजावे.

कलम १. वरच्या दोन खोल्या थोरल्याला. छपराची गळती त्याने काढली, आजारपणात मला उचलून जिना चढवला, हे मी नाकारत नाही. माणूस वाईट नाही. फक्त कोणी मोठ्या खुर्चीतून बोलले की त्याची मान आपोआप हलते. खालची कामाची खोली यात धरू नये.

कलम २. बँकेत जे असेल ते लेकीला. तिने कधी मागितले नाही आणि मी कधी हातावर ठेवले नाही. समोरासमोर आम्हा दोघींनाही ते जमत नाही, म्हणून कागदावर.

कलम ३. आमच्या ह्यांचे अक्षरांचे ब्रश समोरच्या चावीवाल्याला द्यावेत. तो आपली पाटी आपणच रंगवतो आणि "चावी"ला दरवेळी पहिली वेलांटी देतो. चांगल्या ब्रशाने चूक निदान देखणी दिसेल. माझे बारीक ब्रश कोणाला, ते पुढे येईल. ह्यांची अक्षरे ठसठशीत होती, कबूल. पण चित्र मी काढायचे आणि कोपऱ्यात नाव ह्यांचे. एकदा विचारले तर म्हणाले, "अगं, आपण काय वेगळे आहोत का?" मग माझे टाका, म्हटले. ते गेल्यापासून हे भांडण अर्धेच पडून आहे.

इथवर लिहून मी तीनदा उठले. खुर्चीत बसवत नाही, आडवे पडवत नाही. पुढचे कलम टाळते आहे, हे मलाही कळते.

कलम ४. जीभ काढलेला बूट. हे चित्र माझे आहे. कसे, ते लिहिते.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी हे तापाने पडले होते तेव्हा बूटवाला आला. तेव्हा कंपनी वगैरे नव्हती, एक गाळा आणि दोन कारागीर. तो घाईत होता. म्हणाला, "वहिनी, मागच्या पेंटरने बूट काढला, पण जीभच काढली नाही. तुम्ही जीभ नीट काढा हं, ठळक." मी तोवर जन्मात लेसचा बूट घातला नव्हता. चपला, त्याही सणसमारंभाला. बुटाला जीभ असते हे मला कोण सांगणार? मला वाटले, गमतीचे चित्र हवे आहे माणसाला. मी बुटाला तोंड केले आणि त्यातून लालभडक जीभ बाहेर काढली. ठळक.

हे उठून बाहेर आले आणि कपाळाला हात लावला. "अगं, जीभ म्हणजे लेसखालचं चामडं!"

"मग चामडं म्हणायचं होतं."

बूटवाला संध्याकाळी पाटी न्यायला आला. पाटी उचलली, पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली. मी पैसे परत द्यायची तयारी केली. तेवढ्यात रस्त्यावरून पोस्टमन चालला होता. त्याने सायकल थांबवली, पाटीकडे पाहिले आणि पाटीला जीभ काढून दाखवली. मोठा बाप्या, खाकी कपड्यातला. बूटवाला म्हणाला, "राहू द्या वहिनी. असंच राहू द्या." त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिले की चित्र माझे, आणि त्यात फरक करायचा तर मला किंवा माझ्यामागे या खोलीत जो काम करील त्याला विचारून. चिठ्ठी या कागदाला टाचली आहे.

आता त्याच्या नातवाचे पत्र आले आहे. मजकूर गोड आहे. बूट ठेवायचा, जीभ आत घ्यायची, कारण "उच्चभ्रू ग्राहकांना ती असभ्य वाटते." संमतीची सही हवी, पंधरा तारखेपर्यंत. थोरल्याने मान हलवली ती इथे.

मी आडमुठी नाही. गेल्या आठवड्यात मी स्वतः तो बूट बिनजिभेचा काढून पाहिला. अकरा वेळा. दहा तर दवाखान्याबाहेर काढून ठेवलेल्या जोड्यासारखे झाले. अकरावा बरा झाला. तेव्हापासून मला चैन नाही. बरा झाला नसता तर हे कलम दोन ओळींत संपले असते.

आणि मग नातीच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिले. थोरल्याची मुलगी, गेली नऊ वर्षे माझ्या शेजारी बसून काम करते. तिने जीभ आधीच आत घेतली होती. सफाईने. ओठ सुद्धा मिटवले होते.

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी. आजी, एवढीशी तर जीभ. गिऱ्हाईक म्हणतंय तर..."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? त्यांचं दुकान आहे."

"मी दुकानाचं विचारलं नाही गं भवाने. चित्राचं विचारलं."

ती माऊस हलवत बसली. मी पण उत्तर दिले नसते, मला कोणी असे दरडावले असते तर. पण मला कोणी कधी विचारलेच नाही, हा फरक आहे.

कलम ५. कामाची खोली, टेबल, बारीक ब्रश, कपाटातली सगळी चित्रे, आणि बुटाचा हक्क, हे नातीला. तिच्या बापाला नाही. ती माझ्यापेक्षा चांगली काढते. हे मी तिला तोंडावर सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. अटी दोन. एक, चित्र काढायच्या आधी त्या दुकानात अर्धा दिवस जाऊन बसायचे. "कोणता रंग आवडतो" असे फोनवर विचारायचे नाही. सगळे निळा सांगतात. दोन, कोपऱ्यात नाव स्वतःचे टाकायचे. जे चित्र स्वतःच्या नावाने द्यायला लाज वाटेल ते द्यायचे नाही.

थोरल्याने या कलमावर रुसू नये. रुसला तर वरच्या खोलीत रुसावे, ती त्याचीच आहे.

ठिकाण: खालची खोली, खिडकीकडचे टेबल.
दिनांक: ९ जून, सोमवार, सकाळचे अकरा.
सही: पेंटरची बायको (हे खोडले आहे) चित्रे काढणारी बाई

साक्षीदार १: छापखान्याच्या मालकीणबाई. सही केली. चष्मा घरी विसरल्या, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवले.
साक्षीदार २: डॉक्टर. सही केली. घाईत होते.

डॉक्टर म्हणतात, सहीखाली लिहिलेले धरत नाहीत. धरा. पंधरा तारखेला मी असले तरी आणि नसले तरी कंपनीच्या पत्राला उत्तर नातीने द्यायचे. थोरल्याने नाही, वकिलांनी नाही, मीही नाही. हो लिहायचे की नाही, ते मी सांगणार नाही, आणि तिने मला विचारायला यायचे नाही.