गुणी मुलांनी करपवलेली बिस्किटं

ती. ताईस,

नमस्कार. (हा आपला रीत म्हणून. मनातून मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला हटला का, की अजून औषध कपाटात आणि खोकला घरभर असंच चाललंय? तुझ्या दोन्ही चिरंजिवांनी या महिन्यात काय काय फोडलं, तेही कळव. इकडे सगळं अगदी शांत आहे, आणि ताई, तेच तर दुखणं आहे.

तू फोनवर मोठ्या तोऱ्यात म्हणालीस, पोरांना हाताशी घेऊन केळ्याची बिस्किटं कर. (तू त्यांना कुकीज म्हणतेस. म्हण बापडी.) दोन पिकलेली केळी, वाटीभर ओट्स, मूठभर मनुका, कुस्करायचं, कालवायचं, थापायचं, भाजायचं. अर्ध्या तासात ओट्याचा उकिरडा होईल, पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटतील, तू ओरडशील आणि संध्याकाळपर्यंत ती तुझी झालेली असतील, असं तुझं भाकीत होतं. त्यावर विश्वास ठेवून मी आज रविवारची अख्खी दुपार घालवली.

आता तुला सगळं माहीत आहे, तरी मला बोलू दे, कारण इथे ऐकणारं कोणी नाही. लग्नाला चार महिने झाले. आमच्या लिफ्टवाल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. (दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि घरी यायला चार जिने चढायचे, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव विनोद, आणि तो ते रोज धापा टाकत करतात.) तक्रार आहे त्यांच्या मुलांबद्दल. थोरली दहाची, धाकटा सातचा. त्यांची आई तीन वर्षांपूर्वी आजारात गेली. आमच्या लग्नाआधी त्यांच्या आजीने दोघांना समोर बसवून बजावलं म्हणे, नव्या आईला अजिबात त्रास द्यायचा नाही. म्हातारीचा हेतू चांगलाच होता, पण या दोघांनी ते वेदवाक्य मानलं आणि तेव्हापासून ती मला त्रास न देऊन देऊन माझा जीव काढताहेत.

बारा वर्षं मी दातांच्या दवाखान्यात पोरांची डोकी धरून उभी आहे. चावणारी, लाथा झाडणारी, डॉक्टरांचा चष्मा ओढणारी पोरं मला कळतात. ही कळत नाहीत. धाकटा स्वतःच्या घरात संडासला जायला माझी परवानगी मागतो. थोरली सकाळी आपली गादी आवरते, भावाची आवरते, आणि मी जरा उठून बसले की माझीही आवरते. दोघं मला कधी हाक मारत नाहीत. काही हवं असलं की जवळ येऊन गप्प उभी राहतात, नंबर लागायची वाट बघणाऱ्या पेशंटसारखी. शिवाय खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात गाठून म्हणतात, काय गुणी मुलं मिळाली हो, नशीब काढलंत! ताई, मला फार वाईट वाटतं गं. एकमेकांच्या घरी पाहुणे म्हणून राहायला मी लग्न केलं नव्हतं.

तर बिस्किटं. दोघांनी कोपरापर्यंत हात धुतले. (दोनदा.) ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, त्याच्या कडा सारख्या केल्या. मी म्हटलं, केळी हातानेच कुस्करा, मजा येते. धाकट्याने विचारलं, काट्याने चालेल का? मग मी मुद्दाम ओट्सची पिशवी तिरकी धरली आणि चांगले मूठभर खाली सांडले. ते जमिनीला टेकतात न टेकतात तोच थोरली केरसुणी घेऊन हजर. तुझ्या घरी मनुका भांड्यापर्यंत पोचल्या असत्या का? इथे धाकट्याने प्रत्येक गोळ्यात तीन-तीन मोजून खोचल्या आणि म्हणाला, एक उरली, कुठे ठेवू? तोंडात ठेव म्हटलं. त्याने बहिणीकडे पाहिलं, तिने मान हलवली, मग त्याने ती तोंडात ठेवली. नुसती ठेवली, चावू का, हे विचारायचं राहिलं होतं. शेवटी मीच कालवलेल्या पिठाचा गोळा त्याच्या नाकाला फासला. दोघं हसली, पण कशी, तर साहेबांच्या विनोदाला कारकून हसतात तशी.

ट्रे ओव्हनमध्ये गेला. ओव्हनला हात लावायचा नाही, पंधरा मिनिटं झाली की मला सांगायचं, असं बजावून धाकट्याच्या हाती घड्याळ दिलं, तेवढ्यात आमच्या डॉक्टरांचा फोन आला. उद्याच्या पेशंटांची वेळ बदलायची होती आणि आमचे डॉक्टर दात जितके पटकन काढतात तितकं पाल्हाळ फोनवर लावतात. फोन ठेवून वळले तर दोघं दारात उभी. थोरलीच्या हातात हातमोजे, धाकट्याच्या हातात घड्याळ आणि दोघांच्या मागून काळा धूर. सत्तावीस मिनिटं झाली होती! सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणे मी फोनवर बोलत होते ना, मग मध्ये कसं बोलायचं? बारा मिनिटं, ताई, बारा मिनिटं ती दोघं बिस्किटं करपताना सभ्यपणे बघत उभी होती.

मग माझा ताबा सुटला. चार महिन्यांत पहिल्यांदा ओरडले, तेही असं की खालच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. घर पेटलं असतं तरी असेच उभे राहिला असता का, तोंडं शिवली आहेत का तुमची, सगळं बोलले. थोरली पांढरीफटक पडली. धाकट्याने घड्याळ ओट्यावर अगदी नीट ठेवलं आणि विचारलं, "आता तुम्ही जाणार का?"

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. (धुराने, असं त्यांना सांगितलं.) म्हटलं, कुठे जाऊ रे बाबा, घरभर धूर केलाय मी, तो काढणार कोण? मग आम्ही तिघांनी खिडक्या उघडल्या. उरलेल्या केळ्यांचा दुसरा घाणा लावला, तो बरा उतरला, सोळा बिस्किटं डब्यात भरून ठेवली. आणि मुलांनी काय केलं? न सांगता ट्रे घासला. कपाळ माझं!

तुझी,
(आणि तुझ्या सल्ल्याने पोळलेली)
धाकटी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. सुट्टीत तुझे दोन्ही चिरंजीव आठ दिवस माझ्याकडे पाठव. माझ्या मुलांना बिघडवायला घरात कोणीतरी जाणकार हवं. काचा फुटल्या तर फुटल्या.

पुन्हा ता. क. सोमवार सकाळ. पत्र पाकिटात घालायच्या आधी डबा उघडला तर रिकामा. कोणी खाल्ली विचारलं, तर दोघांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, बाबांनी. बाबा शुक्रवारपासून परगावी लिफ्ट बसवताहेत! तेवढ्यात धाकट्याने दहा खाल्ल्याचं फुटलं, थोरलीने त्याला उशीने बडवलं, तो तिच्या दंडाला कडकडून चावला. (खुणा पाहिल्या. दातांची ठेवण उत्तम आहे.) मी म्हटलं, जाऊ दे गं, लहान आहे तो. तर दार धाडकन आपटून ती आतून ओरडली, "तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस!"

ताई, जन्मात पहिल्यांदा घेतली गं त्याची बाजू, आणि ही म्हणते नेहमी. चिरंजिवांना पाठवू नकोस. आता थांबते, थोरलीची समजूत काढायची आहे, आणि ती काही लवकर ऐकेलसं दिसत नाही.