हातचं न राखता

सोमवार, १ सप्टेंबर

सामान लागलं. शाळेच्या मागच्या अंगाला आम्हाला दोन खोल्या मिळाल्यात. एकीत पलंग आणि कपाट, दुसरीत ओटा आणि अंगणात उघडणारी खिडकी. मुंगी, म्हणजे माझी तीन वर्षांची लेक (साखरेचा डबा उघडला की कुठूनही हजर होते म्हणून हे नाव), कपाटाच्या खालच्या कप्प्यात शिरून बसली आणि हे माझं घर असं तिने जाहीर करून टाकलं. मी खुशीत आहे. तिच्या बापाशी फारकत झाल्यापासून इतकं स्वस्थ वाटलं नव्हतं.

बाकी हसावं की रडावं अशीच तऱ्हा आहे. अकरा वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, विभागप्रमुखाची चूक भर वर्गात फळ्यावर दाखवली, आणि त्याने मला घरी बसवलं. आता मी पूर्वतयारी शाळेत एकोणीस शेंबड्या पोरांना एक ते दहा शिकवणार. म्हणजे मोठ्या शाळेत जाण्याआधी ज्यांना गप्प बसायला शिकवतात, ती पोरं. मुख्याध्यापिकेला इथे मोठ्या बाई म्हणतात. नाकाने कांदे सोलत त्यांनी मला तासभर शाळेची पद्धत समजावली. आठवड्याला एकच विषय. सोमवारी ओळख, मंगळवारी हाताळणी, बुधवारी चित्रं, गुरुवारी अंगणात फेरफटका, शुक्रवारी उजळणी. जे शिकवायचं ते बुटक्या टेबलावर प्रत्यक्ष आणून ठेवायचं. आणि एकदा शिकवलेलं पुन्हा शिकवायचं नाही, कारण इथे तशी गरज पडत नाही म्हणे. मी मान डोलावली. अशा थापा मी पुष्कळ ऐकल्या आहेत.

बुधवार, ३ सप्टेंबर

टेबलावर मणी ठेवले, काड्या ठेवल्या, बटणं ठेवली. पोरं दंगा करत नाहीत, चुळबुळ करत नाहीत, कुणाला शूसुद्धा लागत नाही. उघड्या तोंडाने माझ्याकडे बघत बसतात. ठोंबे आहेत झालं. दहापर्यंत काल सकाळीच संपलं, मग मीच इरेला पेटले. शंभरापर्यंत नेलं, गुणाकार केला, मूळ संख्या सांगितल्या. आठवड्यात काय होऊ शकतं ते या शाळेला एकदा दिसू दे.

शेजारच्या खोलीत लहानग्यांना सांभाळायला मदतनीस मावशी आहेत. मुंगी दिवसभर त्यांच्याकडे असते. मावशी प्रेमळ आहेत, पण डोक्याने अगदीच बेताच्या. खोलीत सहा मुलं, तर त्या दर थोड्या वेळाने सगळ्यांच्या डोक्यांना हात लावत फिरतात, कारण मोजता येत नाही. आज मला कोपऱ्यात गाठून म्हणाल्या की बाई, सगळं देऊन टाकू नका, थोडं हातचं राखा. मी म्हटलं, हातचं राखून शिकवतात ते भिकार मास्तर. त्या पुन्हा पोरांच्या डोक्यांना हात लावायला निघून गेल्या. शाळा सुटताना तिशीचा एक गृहस्थ त्यांना न्यायला येतो. त्या त्याला रोज नम्रपणे विचारतात की आपण कोण. तो सांगतो, मी तुझा मुलगा. हे मी फाटकाशी उभी राहून दोनदा ऐकलं आणि मला, खरं सांगायचं तर, हसू आलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

उजळणी झाली. बाईने पोरांच्या खुर्चीवर मधोमध बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा नियम. माझे गुडघे हनुवटीला लागले होते. पोरं भोवती गोल उभी राहिली आणि एका सुरात म्हणायला लागली. एक चूक नाही. गुणाकार, मूळ संख्या, सगळं. आणि पुढे, मी कधीच न शिकवलेलं असं काही म्हणायला लागली. ऐकता ऐकता लक्षात आलं, हे माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण.

फळा पुसताना पुटपुटले असेन मी. पोरं पोपट असतात. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. डोकं हलकं झालंय, छान झोप येईल.

रविवार

तारीख घालायची होती. कॅलेंडरवर नुसत्या वळवळत्या रेघा दिसतात.

दुकानात नाणी हातावर घेऊन उभी राहिले आणि कळेना किती द्यायची. दुकानदाराने माझ्या हातातली आपणच उचलली आणि दया आल्यासारखं बघितलं. माझ्याकडे. मी त्याच्या बापाला शिकवलं असतं. भावाला फोन करावा म्हटलं, तर फोनचं कुलूप उघडायला आकडे मागतो. मुंगीला वय विचारलं की ती बोटं वर करते. आज तिने केली. ती बोटं मला दिसत होती, किती आहेत ते सांगता येत नव्हतं.

थकवा असणार. नव्या जागेचा त्रास. डॉक्टर असंच म्हणेल, म्हणून त्याच्याकडे जायची गरज नाही.

गुरुवार

या आठवड्यात रंग. मोठ्या बाईंनी मण्यांऐवजी रंगीत ठोकळे आणून ठेवले. मी मुद्दाम अर्धवट शिकवतेय. तांबडा सांगितला, पिवळा सांगितला, बाकीचे खिशात घातले. पोरं थांबून राहतात. रागावत नाहीत, मागत नाहीत, नुसती माझ्या खिशाकडे बघतात.

व्हरांड्यात आजवरच्या उत्तम शिक्षिकांचे फोटो आहेत. आज ते नीट पाहिले. ओळीच्या टोकाला मावशी आहेत. तरुण, चष्मा, हातात पदक, आणि चेहऱ्यावर माझ्यासारखाच माज. खाली लिहिलंय, विषय: भूगोल. मावशींना शाळेच्या फाटकापासून नळापर्यंतचा रस्ता विचारावा लागतो.

ती बाई ठोंबी नव्हती. मी तिला हसले.

शुक्रवार

खिशातले ठोकळे खिशातच राहिले आणि पोरांनी सगळे म्हणून दाखवले. मी न सांगितलेलेही. मला अंगणातली झाडं आणि भिंत वेगळी काढता येईना. सगळं राखेसारखं.

तडक मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, मी जाते. त्या गोड हसून म्हणाल्या की अवश्य जा, दार कुणी धरलंय. मग म्हटलं, माझं मला परत द्या. तर म्हणाल्या की शिकवणं म्हणजे देणं, आणि दिलेलं परत मागणाऱ्याला कुणी शिक्षक म्हणत नाही. तुमच्यासारख्या हुशार बाई मिळणं कठीण असतं, असंही वर. इतकं गोड कौतुक मला जन्मात कुणी केलं नव्हतं.

रविवार

मुंगीला कडेवर घेऊन निघाले. बस आली, पाटीवर नंबराच्या जागी रेघा. दुसरी आली, तिच्यावरही रेघा. चालत जाऊ म्हटलं. चौकात सिग्नलचे दिवे सगळे सारखेच दिसले. कुठला थांबायचा, कुठला जायचा, काही कळेना. पाऊल टाकलं आणि ट्रक अगदी मुंगीच्या चपलेला घासून गेला. चप्पल गेली. ट्रकवाल्याने मला नको नको ते ऐकवलं.

परत आले. दुसरं कुठे जाणार. मुंगी म्हणते, चप्पल नको, साखर दे.

मंगळवार

या आठवड्यात वार आणि वेळ. टेबलावर घड्याळ ठेवलंय.

मी बोलणारच नाही. आज दिवसभर तोंड मिटून बसले. पोरांना काही फरक पडला नाही. त्यांनी घड्याळ हाताळलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ हाताळलं. मी काही दिलं नाही तरी ती घेतात. माझ्यात आहे एवढंच त्यांना पुरतं. मूर्ख मी, यांना ठोंबे म्हणत होते. यांच्याइतका नेटाने शिकणारा विद्यार्थी मला कॉलेजात मिळाला नाही.

पुढचा विषय कुठला, ते व्हरांड्यात टाचलंय. माझं माणूस.

भाऊ दूर, इथे माझं दुसरं माणूस कोण आहे? मुंगी. बस.

उजेड आहे

वार काढून नेले. आता कधी उठायचं तेही मावशी येऊन सांगतात. त्यांनाही नीट माहीत नसतं, त्या दुसऱ्या कुणाला तरी विचारून येतात.

मावशी आज ओट्याशी बसून रडल्या. म्हणाल्या की तो माणूस येतो, हात धरतो, जेवायला वाढतो. फार चांगला आहे. कुणाचा तरी मुलगा असेल. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही याची लाज वाटते. मी त्यांचे पाय धरले. हसले होते त्याबद्दल. त्यांना काही आठवेना, पण माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आकडे गेले तर गेले. झाडं कुठल्या रंगाची ते घेऊन मी काय करणार होते. हे नको. हे मी देणार नाही.

पुन्हा उजेड

ओळखीचा दिवस. मी थाप मारली. टेबलापुढे उभी राहून सांगितलं की माझी लेक उंच आहे, कुरळ्या केसांची, गाणं म्हणते, अंधाराला भिते. कुणाची तरी पोर रचून सांगितली. मनात म्हटलं, घ्या, ही न्या.

पोरांनी तोंडं मिटली. सगळ्यांनी मिळून. मग मोठ्या बाई दारातून आल्या, मुंगीचं बोट धरून. म्हणाल्या की आपल्याकडे वस्तू प्रत्यक्ष आणायची पद्धत आहे, विसरलात वाटतं. आणि तिला उचलून बुटक्या टेबलावर ठेवलं, जिथे मणी ठेवायचे तिथे.

मुंगी हसली. टाळ्या वाजवल्या.

नंतर

हाताळणी. पोरं रांगेने आली. कानामागचा तीळ. गुडघ्यावरची खूण. केसांचा वास घेतला प्रत्येकाने. सावकाश. ओठ हलत होते. मुंगीला गुदगुल्या होत होत्या. मी ओढायला गेले तर मोठ्या बाईंनी खांद्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, आणि माझे पाय उचलेनात.

मी तिला घरी आणलं. आता सोडत नाही.

दार लावलंय

दाराला कडी, कडीला पलंग. मुंगी मांडीवर. आज वर्गात जाणार नाही. खुर्चीवर मी नसले तर कुणापुढे म्हणतील.

पोरं अंगणात आली आहेत. खिडकीखाली, ओळीने. छोटी खुर्चीही आणली, रिकामी, मधोमध ठेवली. खिडकीकडे तोंड करून.

लिहून ठेवते. लिहिलं की राहील. माझी मुलगी. मुंगी. कपाटात बसते. साखर खाते. झोपताना माझा कान धरते, आपला नाही, माझा. शिंकली की मलाच जपून राहा म्हणते. पडली तर आधी बघते मी बघतेय का, मगच रडते. जन्मली तेव्हा रडली नव्हती, दाईने पालथी धरली, आणि मी म्हटलं देवा मला काही नको फक्त हिला—

सुरू झाली. एका सुरात.

कानामागे तीळ, म्हणतायत. कुठल्या कानामागे? होता. मघाशी मी—

साखर. कपाट. हळू म्हणतात, घाई नाही.

मी ओरडते, ऐकू येऊ नये म्हणून. ती पण ओरडते. घाबरली. आई आई म्हणते. हो गं. हो. मी आहे ना. तुझं नाव, तुझं— वर लिहिलंय, वर बघते— मुंगी. मुंगी म्हणजे? किड्याचं नाव लिहिलंय नुसतं. कुणी लिहिलं

कान धरते म्हणतायत. झोपताना

जन्मली तेव्हा—

ते नाही. ते मी कुणाला सांगितलं नाही, ते नका—

झालं वाटतं. शांत आहे. अंगणात टाळ्या वाजतायत.

डोकं हलकं झालंय, बरं वाटतंय. घसा का बसलाय कोण जाणे. पलंग दाराशी कुणी ओढला? सरकवून ठेवला. मांडीवर कुणाची तरी मुलगी आहे. रडून लाल झालीय बहुतेक, नाक वाहतंय, माझा कान धरून बसलीय, सोडत नाही. बोटं एकेक करून सोडवली. अनोळखी माणसाला असं चिकटायचं, काहीच वळण नाही.

मोठ्या बाई दाराशी आल्यात. विचारतायत की ही तुमची का. नाही म्हटलं. म्हणाल्या की मग आम्ही ठेवून घेऊ, शिकायच्या वयाची आहे. घेऊन जा म्हटलं. जाताना किती आकांत. मागे वळून वळून माझ्याकडेच हात करतेय. जीव कासावीस होतो नुसता बघून. काय बाई असेल हिची आई, एवढंसं लेकरू परक्याच्या मांडीवर टाकून गेली, हिला जरा तरी—