फाटक्या कानाची हरणी

ती. आत्यास,

जंगलातल्या एकखणी खोलीतून, रंगाने बरबटलेल्या हातांनी साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (‘बरे आहेत’ असं तू लिहिशीलच, म्हणून तुझ्या लेकीलाही वेगळं विचारलं आहे.)

मी राष्ट्रीय उद्यानात सुखरूप आहे. इथे चित्रकाराला महिनाभर राहायला जागा देतात. त्याने जाताना एक चित्र द्यायचं, ते प्रवेशदालनात कायमचं लागतं. लग्नाच्या जोडप्यांची चित्रं काढणाऱ्या तुझ्या भाच्याला हा मान मिळाला, यावर माझाच विश्वास बसत नाही. (बायकोचा तर मुळीच नाही, तिने निवडीचं पत्र दोनदा वाचलं, मग पाकिटावरचा पत्ताही तपासला.)

पहिल्याच सकाळी वनरक्षक बाईंनी माझा साबण, केसांचं तेल आणि पांढरा शर्ट ताब्यात घेतला. वासाने जनावरं पळतात म्हणे. आता माझ्या वासाने मीच पळायला बघतोय, पण जाणार कुठे! बाई मात्र अजब आहेत. सव्वीस वर्षं हे जंगल पायी तुडवतायत. मला जिथे नुसता चिखल दिसतो तिथे त्या वाकून सांगतात, की आई पुढे गेली, पिल्लू रेंगाळलं, आणि आईने मागे येऊन त्याला दटावलं. (दटावलेलं चिखलात कुठे दिसतं, असं मी विचारलं. त्यांनी दाखवलं. दिसलं!) अशा माणसापुढे आपण उगाच चित्रकार म्हणून मिरवतो असं वाटतं.

त्यांची एक लाडकी म्हातारी हरणी आहे. उजवा कान फाटका, पाठीवर वण, चालताना लंगडते. पुढचा उन्हाळा काही ती बघणार नाही, म्हणून दालनात तिचंच चित्र लागावं ही बाईंची इच्छा. पाणवठ्याजवळच्या झोपडीत मी आठवडाभर दबा धरून बसलो. मुंग्या चावल्या, स्टूल मोडलं, एक शिंक गिळली ती दिवसभर डोक्यात फिरत राहिली. पण चित्र झालं झकास! कान सांधला, वण पुसला, पाय सरळ केला, डोळ्यांत जरा चमक घातली. गिऱ्हाइकांना मी हेच देत आलोय.

बाई चित्रापुढे वाकल्या आणि साधेपणाने म्हणाल्या, “छान आहे. पण ही कोण?”

आत्या, माझं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी सांगितलं, की कान फाटला तो पिल्लाला लांडग्यापासून वाचवताना, आणि वण कुंपणाच्या तारेचा. मी तिचं सगळं आयुष्यच पुसून ठेवलं होतं. फार लाज वाटली.

आठ दिवस उरले होते. पुन्हा जाऊन बसलो. चार दिवस हरणी फिरकलीच नाही. बाईंचा चेहरा बघवेना. पाचव्या दिवशी लंगडत आली, पाणी प्यायली, उभी राहिली. जशी होती तशी काढली. काल बाईंनी चित्र पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, “आली,” एवढंच म्हणाल्या आणि माझा साबण परत दिला.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना माझ्यातर्फे एकेक टपली.

तुझा भाचा

ता. क. : तुझ्या साठीला काढलेलं तुझं चित्र तू कपाटामागे ठेवलंस, म्हणून तीन वर्षं मी रुसून तुझ्या दारी आलो नाही. तुझ्या गालावरचा भाजल्याचा डाग मी त्यात गाळला होता. उकळत्या पातेल्यापासून मला ओढताना पडलेला डाग, आणि नेमका मीच तो गाळला. परवा परतताना तुझ्याकडे उतरतो. पुन्हा एकदा माझ्यासमोर बसशील का?

ता. ता. क. : हनुवट्या मात्र आहेत तितक्या येतील, कमी करून मिळणार नाहीत. या खेपेला रुसायची पाळी तुझी.