हसमुखभाईंचा कुत्रा

चिरंजीव धनाजीस थोरल्या अक्काचा अनेक आशीर्वाद.

मी इथं बडोद्यात बरी आहे. पत्र सूनबाई निरुपमा लिहून घेतेय, तेव्हा सुनेबद्दल सगळं चांगलंच वाचशील. खरंही आहे म्हणा. पण ती आणि माझा हेरंब कामाला गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती.

म्हणून खाली बाकावर जाऊन बसते. शेजारचे हसमुखभाई रोज कुत्रा फिरवायला आणायचे आणि तो नेमकी बाकापाशीच घाण करायचा. मी म्हणायची, "अहो, उचला हे." ते म्हणायचे, "चालशे, बा." इथं म्हातारीला बा म्हणतात. मी म्हणायची, "तुम्हाला चालेल हो, पाय माझा भरतो." त्यांना मराठी अर्धं येतं, मला गुजराती पाव, पण भांडायला तेवढं पुरायचं.

परवा माझा आवाज चढला. चार माणसं जमली आणि सगळी माझ्या बाजूनं बोलली. तेव्हापासून हसमुखभाई कुत्र्याला मागच्या फाटकाकडे नेतात. बाक स्वच्छ आहे. निरुपमा म्हणते, "जिंकलात आई." जिंकले खरी, पण आता दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही. हे ऐकून निरुपमा लिहायची थांबली. तिला म्हटलं, लिही गं.

तुझ्या मथुरेचा गुडघा कसा आहे? तिच्याशी रोज भांडतोस ना? भांडत जा.

उद्या मी मागच्या फाटकापाशी जाऊन बसणार आहे. हसमुखभाईंना सांगेन, माझं बोलणं अजून संपलं नव्हतं.

तुझी अक्का