गुडघ्याखालची पट्टी

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पुरले नाहीत तर कळव, आणखी पाठवते.

पायातली धातूची पट्टी काढली. हाड छान जुळलंय, आता धावलात तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, शिडी घसरायच्या आधीही मी धावत नव्हते. पट्टी त्यांनी धुऊन एका डबीत घालून दिली. गुडघ्याखाली बसते ती बाजू रुंद, खालची निमुळती, मधे भोकं. टायटॅनियम आहे म्हणे. तुझे दाजी ती दुकानात घेऊन गेले आणि चष्म्यांच्या पावत्यांवर वजन म्हणून ठेवली. तिला वजनच नाही. पंखा लावला की पावत्या पट्टी घेऊन उडतात.

नाट्यगृहाचे मॅनेजर येऊन गेले. पुढच्या महिन्याच्या अखेरीस नवं नाटक उघडतंय. शिडीवर चढून दिवे टांगायला मी परत येणार की नाही, हे त्यांना त्याआधी कळायला हवं. माझ्या जागी एक माणूस तात्पुरता घेतलाय, मी नाही म्हटलं तर तोच कायम होईल. मी म्हटलं, विचार करते. पाय दुखतो का, असं त्यांनी विचारलं. दुखत नाही म्हटलं. मग विचार कसला, असं त्यांनी विचारलं नाही. सभ्य गृहस्थ आहेत. तूही विचारू नकोस.

माया आहे तेवढीच ठेव. वाढवलीस तर संशय येईल.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. उठताना कंबर धरली, तेव्हा तो पोचला असं समज.

विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. पट्टी मात्र मागतो.

मला बढती देऊन काचेच्या खोलीत बसवलं तेव्हापासून मी कारखान्यात फक्त सह्या करतो. बाहेर पोरं यंत्रांवर काम करतात आणि मी त्यांच्याकडे मत्स्यालयातल्या माशासारखा बघतो. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या दुरुस्त करून झाल्या. चांगल्या होत्या त्याही केल्या. तुझी धाकटी भावजय म्हणते, यांना कुणीतरी काम द्या, नाहीतर हे माझा मिक्सर उघडतील.

तर तुझ्या पट्टीचं एक अवजार करतो. किल्ल्यांच्या जुडग्यात मावेल एवढं. रुंद टोकाला पान्याचं तोंड, निमुळत्या टोकाला पेचकस, पोटात चिकटपट्टी कापायला एक खाच, आणि एका कडेला खिळे-पिना उपसायची धार. भोकं डॉक्टरांनी आयती पाडून दिलीयत, त्यातल्या एकात दोरी ओवता येईल. वर जाणारं प्रत्येक अवजार मनगटाला बांधलेलं असावं, हे तूच मला शिकवलंस. तेव्हा मी वर बघत होतो आणि तू मला खालून हटवत होतीस.

एकच गोष्ट हवी. दिव्याची पकड आवळायचा नट किती नंबरचा आहे ते वर जाऊन मोज. कपाटातला नवा नट नको. वापरातला, झिजलेला हवा.

लोभ आहेच, त्याबरोबर पट्टीही पाठव.

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, नेहमीच्या मापाचे.

'वर जाऊन' या शब्दांपाशी तू बराच वेळ पेन टेकवून बसलेला दिसतोस. शाईचा ठिपका पडलाय. लहानपणीही तुला लबाडी जमत नसे, कान लाल व्हायचे. आता कानांची जागा ठिपक्याने घेतली.

पट्टी उकळून पाठवतेय. ती माझ्या पायात होती, तेव्हा तिच्याशी नीट वाग. दाजी हळहळले. आता पावत्यांवर काय ठेवू म्हणाले. मी म्हटलं, हात ठेवा.

नट मोजला. तेरा नंबर.

धाकटीला सांग, मिक्सर माळ्यावर ठेव. आणि माझा विसर पडू देऊ नकोस, पण रोज आठवणही नको.

ताई


२१ फेब्रुवारी

रा. रा. मेहुणे यांस,

सप्रेम नमस्कार.

मला पत्रं लिहायची सवय नाही. माझ्याकडे लोक वाचता येत नाही म्हणून येतात, लिहिता येत नाही म्हणून नव्हे. तरी कळवणं भाग आहे.

तुमच्या ताईने नट मोजलेला नाही. त्या दिवशी ती घरीच होती आणि कपाटाचे कप्पे पुसत होती. खालचे. वरच्या कप्प्यांवर धूळ तशीच आहे. स्वयंपाकघरातला दिवा गेला तो शेजाऱ्यांनी येऊन बदलला. ज्या बाईने आयुष्यभर दिवे टांगले तिने खाली उभं राहून त्यांना बॅटरी दाखवली. बाजाराला ती मागच्या गल्लीने जाते. लांब पडतं, पण वाटेत नाट्यगृह लागत नाही.

मी काही बोलत नाही. बोलायला गेलो की ती भाजी चिरायला घेते, आणि मग सुरी तिच्या हातात असते.

मार्चअखेरीनंतर मॅनेजर थांबणार नाहीत. नाही म्हणाली तर म्हणू दे. पण मग ती कोण असेल ते मला कळत नाही. इतकी वर्षं मी दिवेवालीचा नवरा आहे. दुसऱ्या कुणाचा व्हायची माझी तयारी नाही.

तेव्हा तेरावर विसंबून कापू नका.

आपला,
दाजी


२६ फेब्रुवारी

ती. दाजींस,

नमस्कार. तेरा तर तेरा. ताईने इतकी वर्षं तेच नट फिरवलेत, झोपेत विचारलं तरी बरोबर सांगेल. मला नंबर नकोच होता, तिने जावं एवढंच हवं होतं. ते फसलं. आता वस्तू तरी करू.

हे पत्र जाळू नका, तिला वास येईल. दुकानात ठेवा.

तुमचा मेहुणा


११ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. या वेळी उभ्यानेच, कारण हातात कानस आहे.

तुझी पट्टी तुझ्यावर गेलीय. पायाच्या आकाराची म्हणून वाकडी होती, ती व्हाइसमध्ये धरून सरळ करायला घेतली. दाबली की सरळ होते, सोडली की जाग्यावर. होईना म्हणून चिडलो, तर धाकटी म्हणाली, जरा गोड बोलून बघा. शेवटी पाहिजे त्याच्यापलीकडे वाकवली, तेव्हा कुठे मधल्यावर राजी झाली.

मग पान्याच्या तोंडासाठी भोक पाडताना घाई केली. पोलादाला सवयीने जेवढा वेग देतो तेवढा दिला. ड्रिल किंचाळलं, तापलं आणि त्याचं टोक गेलं. पट्टीवर नुसता एक चकचकीत डाग. या धातूला वेग सोसत नाही. तो उष्णता आत घेत नाही, सगळी अवजारावर टाकतो. सावकाश, तेल घालत, थांबत थांबत गेलं की चालतो. तेल धाकटीच्या बाटलीतलं घेतलं. तिने बाटली मोजून ठेवलेली होती, हे नंतर कळलं.

कानशीच्या दातांत कीस अडकायचा, म्हणून कानशीला खडू घासत बसलो. त्या किसातली चिमूटभर घेऊन, जळतो म्हणतात ते खरं का बघू, म्हणून काडी लावली. असा पांढरा उजेड पडला की धाकटी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, ताईंच्या पायात एवढा उजेड होता आणि त्या उगाच दिवे टांगत होत्या.

पान्याचं तोंड कापायला सगळ्यात वेळ लागला. तेराचा नट मधे मधे घालून बघत एकेक हात कानस मारली. आता तो हलत नाही आणि अडतही नाही. माझ्या तळहातावर पुन्हा घट्टे आलेत. सोमवारी सही करताना मी ते मुद्दाम सगळ्यांना दिसू दिले.

शेवटी सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटऱ्या जोडल्या. निळा रंग चढला. रंग लावलेला नाही, धातूचाच आहे, खरवडल्याशिवाय जाणार नाही.

पार्सल सोबत. तोंड नटावर कसं बसतं ते कळव.

मर्जी असू दे. नसली तरी वस्तू परत घेत नाही.

धाकटा


१७ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. या वेळी थोडे जास्त, वस्तू सुंदर झाली म्हणून.

दाजींनी तिच्या पेचकसाने दोन चष्म्यांचे स्क्रू आवळले आणि मग दिवसभर ती खिशात ठेवली. मी मागून घेतली. हाताला थंड लागत नाही, हे विचित्र आहे. पोलाद कसं आधी टोचतं. ही लगेच आपल्या हाताएवढी होते.

पण निळी का केलीस? रंगमंचाच्या वर काहीही चमकून चालत नाही. आम्ही काळे कपडे घालतो, काळे बूट घालतो, अंगठी काढून ठेवतो. नायिका मरत असताना प्रेक्षकांना वर निळा काजवा दिसला तर ते बाईकडे बघणार नाहीत. तेव्हा ही वर न्यायच्या कामाची नाही. खिडकीत ठेवलीय, ऊन आलं की छान दिसते.

कळावं. बाकी सगळं तुला कळतंच.

ताई


२१ मार्च

ती. ताईस,

नमस्कार.

निळ्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळ. तुमच्याकडे तिचे ढीग असतात. हे कारण संपलं, दुसरं काढ.

जरा थट्टा बाजूला ठेवतो, पत्र संपेपर्यंतच. तू परत चढावंस असा माझा हट्ट नाही. मी यंत्र सोडून काचेत बसलो, तेव्हा तू मला हसली होतीस, पण सोडू नकोस म्हणाली नाहीस. तसंच मीही म्हणत नाही. फक्त नाही म्हणायचं असेल तर तिथे जा, मॅनेजरसमोर उभी राहा आणि तोंडाने म्हण. 'विचार करते' असं म्हणत मागच्या गल्लीने जाऊ नकोस. ते तुला शोभत नाही.

मागच्या गल्लीचं मला कसं कळलं ते विचारू नकोस.

राग आला तर दाजींवर काढू नकोस. बाकी प्रेम आहे तसंच राहू दे.

धाकटा


२७ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं अवजार बसत नाही.

हे आधी लिहिलं, कारण तक्रार करणाऱ्याने आशीर्वादाने सुरुवात करू नये. आता आशीर्वाद.

काल नाट्यगृहात गेले. पुढच्या रस्त्याने. खरं सांगते, नाही म्हणायलाच गेले होते. वाक्यही पाठ केलं होतं. मॅनेजर फोनवर होते, म्हणून आत जाऊन बसले. रंगमंचाच्या मधोमध शिडी, शिडीवर तो नवा माणूस, त्याच्या हातात हा एवढा पाना. मनगटाला दोरी नाही. खाली दोन नटमंडळी तालीम करतायत. पाना सुटला असता तर एकाचं डोकं गेलं असतं.

मी त्याला आधी खाली बोलावलं. आवाज जरा चढला असावा, कारण मॅनेजरनी फोन ठेवला. तो बिचारा उतरला. म्हणाला, माझ्या पान्याला भोकच नाही, दोरी कुठे बांधू? मी म्हटलं, बांधायचं असलं की जागा सापडते, आणि किल्ल्यांतून तुझी वस्तू काढली. तुझ्या पत्रानंतर खिडकीतून ती तिथे आली होती. दोरी ओवून मनगटाला कशी घालायची ते दाखवलं. मग बांधलेल्या हाताने पकड कशी सोडवायची ते दाखवायला चढले.

मधल्या पायरीवर लक्षात आलं की मी कुठे आहे.

धाकट्या, तिथे मी बराच वेळ उभी होते. पायऱ्या मोजल्या, वर जेवढ्या तेवढ्याच खाली. उतरले असते तर उतरण्याचं काहीतरी कारण द्यावं लागलं असतं आणि मला एकही सुचेना. वर जायला कारण होतं. म्हणून वर गेले.

वर पोचले, पकड धरली, तुझं तोंड नटाला लावलं. लागेना. फिरवून लावलं, उलटं लावलं. नट बोटांनी चाचपला. मी नसताना त्यांनी सगळ्या पकडी बदलल्यात. सतरा नंबर आहे. शिडीवर हसू नये, पण मला हसू आलं, आणि हसताना दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं.

तेव्हा कबूल करते, मी मोजलं नव्हतं. तुला ते ठाऊक होतं, हेही मला ठाऊक आहे. गेला महिनाभर तुझे दाजी भाजी निवडून देत होते. एवढ्या गोड माणसाच्या मनात काहीतरी असतंच.

त्या तोंडाला कानस मारून सतराचं कर. पट्टी रुंद आहे, पुरेल. पोस्टाने मात्र पाठवणार नाही, कारण चिकटपट्टी तिने झकास कापली जाते आणि आता कामाचे दिवस आहेत. कानस घेऊन तूच ये. धाकटीलाही आण, पुढच्या रांगेत बसवते.

मॅनेजरना येते म्हणून सांगितलं. त्या नव्या माणसालाही काढू नका म्हटलं. उतरले तेव्हा तो शिडीला दोन्ही हातांनी गच्च धरून उभा होता. मी वर असेपर्यंत सोडली नव्हती म्हणे, त्याच्या बोटांवर वळ उठले होते. खालून शिडी धरायला माणूस लागतो. मी आजवर कुणाला धरू दिली नव्हती.

लवकर या.

ताई